साफ रान

ऊसतोडीवाल्यांच्या शेवटच्या बैलगाड्या बांधावरून उतरून रस्त्याला लागल्या आणि अनुपमाच्या जिवाला घोर लागला. एरवी ऊस गेला की घरातली बाई सुस्कारा सोडते. कारखान्याच्या तोडीची वाट बघणं संपतं, तोडकऱ्यांची मनधरणी संपते, चार दिवस जरा पाठ टेकता येते. अनुपमाचं उलटंच झालं होतं. सकाळपासून तिनं दोनदा चहा उतू घालवला, एक भाकरी करपवली, आणि अंगण झाडता झाडता खराटा हातात घेऊनच परसाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन ती रानाकडं बघून आली.

कारण ओट्यावर तिचे सासरे हौसराव बसले होते आणि त्यांचा हात घडोघडी कोपरीच्या खिशाला लागत होता. खिशात काडेपेटी होती. हौसराव तंबाखू खात. विडी त्यांनी जन्मात ओढली नव्हती. देवापुढचा दिवा लावायचं काम सासूबाईंचं, चूल पेटवायचं अनुपमाचं. मग त्या काडेपेटीचं काय काम होतं, हे कळायला ज्योतिषाकडं जायची गरज नव्हती.

रानात पोटरीएवढं पाचट पडलं होतं. पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला. तोडकरी ऊस घेऊन जातात आणि पाला तिथंच सांडून जातात. मग संध्याकाळी वारं पडलं की मालक एका कोपऱ्यात काडी लावतो आणि दिवा लागायच्या आत रान काळंभोर होतं. गाव भीमेच्या काठचं. अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. या दोन तालुक्यांचं दुसऱ्या कशावर एकमत झालेलं कुणी पाहिलं नसेल, पण पाचट जाळण्यावर दोन्ही काठांचं एकमत होतं. फेब्रुवारी लागला की दोन्हीकडून धुराचे लोट उठायचे. दोरीवरचे कपडे काजळायचे, म्हातारी माणसं रात्रभर खोकायची. आणि कशाला जाळता म्हणून विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच. रान साफ नको व्हय?

अनुपमाचा नवरा दत्ता रांजणगावच्या एका कंपनीत कामाला. कंपनीनं पर्यावरण दिनाला सगळ्या कामगारांना हिरवे टी-शर्ट वाटले होते, पाठीवर ‘पृथ्वी वाचवा’ छापलेले. तो टी-शर्ट अंगात घालूनच दत्तानं गेल्या साली पाचट पेटवलं होतं. जुना कपडा, धुरानं खराब झाला तरी चालेल, एवढाच त्याचा विचार. तेव्हा अनुपमा पोट धरून हसली होती. पुढं उन्हाळ्यात तिला ते आठवलं, पण हसू आलं नाही.

त्या उन्हाळ्यात कृषी सहायकानं बचत गटाच्या बायकांना टेंपोत घालून दौंडच्या बाजूला एका शेतकऱ्याचं रान दाखवायला नेलं होतं. एका बांधाच्या दोन बाजूंना दोन खोडवे. म्हणजे पहिला ऊस गेल्यावर त्याच बुडख्यांना पुन्हा फुटलेला ऊस. एका बाजूला पाचट जाळलेलं, तिथला खोडवा पिवळा पडून मान टाकत होता. दुसऱ्या बाजूला पाचट न जाळता सरीत पसरलेलं, तिथला हिरवागार. पाणी दोघांना एकाच विहिरीचं. कृषी सहायक बोलायला लागला की थांबायचा नाही, पण त्याचं एक बोलणं तिच्या डोक्यात बसलं. “ताई, हा धूर वर जाऊन कुठं जात न्हाई. ऊन वाढतं, पाऊस चुकतो, ते असल्याच धुरांनी. आन् जे तुम्ही जाळता ते तुमचंच खत असतं.” बाकीच्या बायका पोहे खाऊन घरी आल्या. अनुपमाचं मन तिथंच बांधावर राहिलं. कारण त्यांची विहीर एप्रिलात तळ दाखवायची, लाइट कधी यायची नि कधी जायची याचा नेम नव्हता, आणि दरसाल मे महिन्यात आपला खोडवा डोळ्यांदेखत वाळताना बघायचं तिच्याच वाट्याला यायचं. दत्ता कंपनीत, सासरे पारावर. पाण्याची मोटर चालू-बंद करायला तीच.

“मामा,” ती ओट्यापाशी जाऊन म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची आणि सासूला आत्याबाई. “यंदा पाचट न्हाई जाळायचं, असं बोलणं झालं हुतं आपलं.”

“कोण बोललं?”

“मी. दिवाळीत. तुम्ही न्हाई म्हणला नव्हता.”

“व्हय बी म्हणलो नव्हतो.”

“मामा, पाणी पुरंल आपलं. मी बघून आलीया डोळ्यानं. नुसतं पसरून ठिवायचं, कुजतंय आपसूक.”

“रानात एवढा केर ठिवून मी गावात हिंडू?” हौसरावांनी तंबाखूची चिमूट झटकली. “शनवारी शिरूरच्या बाजारातनं आलो की वारं पडल्यावर पेटवतो. आण्णाला बी सांगितलंय.”

आण्णाला सांगितलंय म्हटल्यावर विषय संपला. आण्णांचं रान बांधाला बांध लागून. एकानं पेटवायचं तर शेजाऱ्याला आधी सांगायचं ही रीत, आणि एकदा सांगितलं की मागं फिरायचं नाही, हीही रीत. दत्ता मोटारसायकलला किक मारता मारता म्हणाला, “तुझं आन् तुझ्या सासऱ्याचं तुम्ही बघा. मला सेकंड शिफ्ट हाय.” आणि तो धुरळा उडवत रांजणगावच्या दिशेनं गेला. नवऱ्यांना अशा वेळी शिफ्ट बरोबर सापडते.

गुरुवारी ती धुणं घेऊन नदीवर गेली. धुणं निमित्त होतं. घरात बसवत नव्हतं. बंधाऱ्यात कमरेएवढं पाणी उरलं होतं आणि पलीकडच्या काठाला मेंढरं उतरली होती. लांबूनच तिनं ओळखलं, तिच्या थोरल्या भावाचा, पोपटचा कळप. तिचं माहेर भांडगावच्या अंगाला. दोन्ही घरं धनगरांचीच, पण माहेरी अजून मेंढरं होती आणि सासरी हौसरावांनी ऐन तरुणपणीच मेंढरं विकून नांगर धरला होता.

धुण्याचा पिळा हातात तसाच राहिला. तिच्या मनात एक गोष्ट आली आणि आली ती हलेचना. मेंढरं जिथं बसलेली असतात तिथं धनगर काडी ओढत नाही. तळावरची तीन दगडांची चूलसुद्धा तो वाऱ्याची दिशा बघून, लांब मांडतो. हौसरावांनी मेंढरं सोडून चाळीस वर्षं झाली असतील, पण हे काही सुटलं नसणार. पोपटनं दोन-तीन दिवस कळप रानात बसवला, की काडी खिशात राहणार. शिवाय उसाच्या शेंड्यांचं राहिलेलं हिरवं वाढं मेंढरं खातील, पाचट तुडवतील, लेंड्या नि मूत पडून ते लवकर कुजेल. कृषी सहायकानं पाचटावर युरिया टाकायला सांगितला होता, तेच काम फुकटात. खोडव्याला कोंब फुटायच्या आत कळप उठला की झालं.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात होती, पण तिचा अर्थ तिनं कधी विचारला नव्हता. गावातले मोठमोठे बागायतदार कळप बसवायला पोपटच्या मागं लागायचे, आण्णासुद्धा. पण हौसरावांनी आजवर आपल्या रानात एक मेंढरू बसू दिलं नव्हतं. म्हाताऱ्याचा तऱ्हेवाईकपणा म्हणून तिनं सोडून दिलं होतं.

ती धुणं काठावर टाकून बंधाऱ्यावरून पलीकडं गेली. पोपट घोड्यावरचं सामान उतरवत होता. दोरीची गाठ सोडता सोडता त्यानं ऐकून घेतलं.

“मामांचा निरोप हाय?” त्यानं विचारलं.

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. रानात मेंढरं बसवायची तर रानाच्या मालकानं बोलवावं लागतं. त्यातून हे बहिणीचं सासर. बिनबोलावता पाऊल टाकलं तर आयुष्यभराचं बोलणं.

“व्हय,” ती म्हणाली. “मामांनीच सांगितलंय. शनवारी दुपारचं या म्हणले.”

पोपटनं हातातली दोरी खाली ठेवली. “खरं सांगतीस?”

“खोटं कशाला सांगू?”

त्याचा चेहरा असा काही फुलला की अनुपमाला तिथंच सगळं परत घ्यावंसं वाटलं. “आगं, इतकी वर्सं तुझ्या दाराशी येतोय,” तो म्हणाला, “मामा पाणी इचारत्यात, भाकर खा म्हणत्यात, पर मेंढरं बांधाच्या आत येऊ देत न्हाईत. मला वाटायचं, आमचंच कायतरी चुकलं असंल.” आणि तो लगेच शेजारच्या पोराला हाक मारून सांगायला लागला की मामांचा निरोप आलाय.

ती परत आली ती पळतच. धुणं अर्ध्याअधिक कोरडंच घरी आलं.

शुक्रवार कसा गेला हे तिचं तिला माहीत. एकदा वाटे, जाऊन पोपटला सांगावं, नको येऊ. ती बंधाऱ्यापर्यंत गेली आणि तिथून फिरली. एकदा वाटे, मामांच्या पायाशी बसून सगळं कबूल करावं. ती ओट्यापाशी गेली, त्यांनी मान वर केली, आणि तिनं विचारलं, “ताक घेता का?” दिवसभरात तिनं त्यांना ताक चार वेळा विचारलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “आगं, म्हाताऱ्याला पडसं करतीस का काय?” रात्री दत्ता कामावरून आला तर ही अंथरुणावर बसलेली. त्यानं विचारलं काय झालं, तर म्हणाली, डास चावत्यात.

शनिवारी सकाळी हौसराव जीपनं शिरूरला गेले. जाताना खिसा चाचपून गेले.

दुपारी बंधाऱ्यावरून धुरळा उठला. आधी घोडं, मग दोन कुत्री, आणि मग मेंढरांचा लोंढा बांध ओलांडून रानात शिरला. पाचटात पाय रुतवत मेंढरं हिरवं वाढं शोधायला लागली, कोकरं पाल्यावरून घसरून पडायला लागली, पोपटची माणसं मेंढरं कोंडायच्या जाळीचे खुंटे ठोकायला लागली. अनुपमाला क्षणभर फार बरं वाटलं. आज काही रान पेटत नव्हतं.

आवाज ऐकून सासूबाई, सोजराबाई, बाहेर आल्या. “कुणाची गं ही?”

“पोपटदादाची.”

“बोलावलं कुणी?”

“मी.”

सोजराबाईंनी रानाकडं बघितलं, सुनेकडं बघितलं आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या. “काय करून बसलीस गं पोरी,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. हे रान घेतलं त्या पहिल्या साली हौसरावांनी आपली स्वतःची मेंढरं इथं बसवली होती. नवं रान, खत पाहिजे, आणि घरचीच मेंढरं, त्यात वावगं काहीच नव्हतं. पण आण्णांचे वडील आणि आणखी चौघं बांधावर उभे राहून हसले. हे काय शेत म्हणायचं व्हय, म्हणाले, हे तर वाडगं. वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायची जागा. आणि ते नाव चिकटलं. सोसायटीत गेलं की, या, वाडग्यातले. कारखान्याच्या माणसानं विचारलं ऊस कुठला, की दुसरं कुणीतरी सांगणार, वाडग्यातला. शाळेत दत्तालासुद्धा पोरं तेच म्हणायची.

“त्याच साली ह्यांनी सगळी मेंढरं इकली,” सोजराबाई म्हणाल्या. “एक बी ठिवलं न्हाई. माझ्या हातानं वाढलेलं कोकरू बी दिलं. आन् तवापासनं रानात गवताची काडी दिसू दिली न्हाई. बांध तासायचे, काडी लावायचे, पुन्यांदा तासायचे. धा-पंधरा वर्सं गेली, मग कुठं लोक हौसरावाचं रान म्हणाया लागले. साफ रान बघायचं तर हौसरावाचं बघा, असं म्हणाया लागले. आगं, ते पाचट न्हाई जाळत. ते नाव जाळत्यात.”

आपण सासऱ्याला अडवायला कुंपण घातलं असं अनुपमाला वाटत होतं, आणि तिनं त्यांच्या चाळीस वर्षांवर मेंढरं सोडली होती. ती रानाकडं धावली. मेंढरं बाहेर काढायची, एवढंच डोक्यात. पण पोपटपाशी पोचल्यावर ती जाळीच्या खुंट्याशीच थबकली. काढ म्हणावं, तर का म्हणून विचारणार. सांगावं, तर निरोप खोटा होता हे सांगावं लागणार. इतकी माणसं, इतकी जनावरं घेऊन आलेल्या भावाला बहिणीच्या सासरच्या बांधावरून हाकलून द्यायचं.

“आगं, मामा कवा येत्यात?” पोपटनं विचारलं. त्यानं धुतलेला फेटा बांधला होता.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली.

हौसराव पिशवी घेऊन उतरले. आण्णा आपल्या बांधावर उभेच होते. आज पेटवायचं म्हणून त्यांचा गडीही आला होता. आण्णा ग्रामपंचायतीचे मेंबर, बोलण्यात पटाईत, थट्टेशिवाय ज्यांचं पान हलत नाही अशांतले. मेंढरं बघून त्यांना राहवलं नाही.

“हौसराव!” ते लांबूनच ओरडले. “वाडगं भरलं की पुन्हा!”

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, असं नंतर सगळे म्हणाले. नसेलही. पण गडी हसला, जीपमधली दोघं-तिघं हसली, आणि हौसराव रस्त्याच्या कडेला उभे होते तिथंच उभे राहिले. त्यांनी रानाकडं बघितलं. पांढऱ्या-काळ्या पाठींनी रान भरून गेलं होतं. त्यांचा हात खिशाकडं गेला आणि तसाच रिकामा बाहेर आला. मेंढरं बसली होती.

पोपट जाळीवरून उडी मारून धावत आला आणि त्यांच्या पायावर वाकला.

“मामा, तुमचा निरोप आला तवा इश्वास बसंना मला,” तो म्हणाला. “आमचा बाप मरंस्तोवर म्हणायचा, हौसरावाचं रान लई चांगलं, पर आपल्याला काय त्यात जागा न्हाई. आज बाप असता तर नाचला असता.”

हौसरावांनी वाकलेल्या पोपटच्या डोक्यावरून समोर बघितलं. दहा पावलांवर अनुपमा उभी होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि तिला कळलं की त्यांना सगळं कळलंय. कसला निरोप, एवढंच त्यांनी विचारलं असतं तरी पुरे होतं. मेंढरं उठली असती, भाऊ कायमचा तुटला असता, आणि अंधार पडायच्या आत रान पेटलं असतं. तिची मान खाली गेली. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला खरोखरच वाटलं.

मेंढरांचं बें बें चाललं होतं, आणि एक कोकरू जाळीत अडकून ओरडत होतं.

हौसरावांनी पोपटला दंडाला धरून उठवलं.

“उशीरच झाला रं निरोप धाडाया,” ते म्हणाले. “लई उशीर झाला.”

एवढं बोलून त्यांनी पिशवी अनुपमाच्या हातात दिली, धोतराचा सोगा खोचला आणि ते जाळी ओलांडून आत गेले. अडकलेल्या कोकराचा पाय त्यांनी सोडवला. कुत्री गुरगुरली, तर त्यांनी जिभेनं असा काही आवाज काढला की दोन्ही गप बसली. तो आवाज अनुपमानं या घरात कधी ऐकला नव्हता. सोजराबाईंनी उंबऱ्यावरून तो ऐकला आणि पदर डोळ्याला लावला.

“आण्णा,” हौसरावांनी आतूनच हाक दिली. “वारं तुमच्याकडनं आमच्याकडं हाय. कळप उठंस्तोवर काडी लावायची न्हाई तुम्ही.”

“आता ठरल्यालं हाय, हौसराव.”

“ठरल्यालं मोडलं. वाडग्यात जनावरं हायती.”

थट्टा न करता आण्णांनी गड्याला घरी पाठवलं.

म्हणून हौसराव सुनेवर खूश झाले असं कुणी समजू नये. कळप उठून गेला तरी ते तिच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. कळप गेल्याच्या दुसऱ्या सकाळी ते स्वतः खोरं घेऊन रानात उतरले. बुडखे जमिनीबरोबर छाटले, तुडवलेलं पाचट सरीसरीत दाबलं, वरून माती ओढली. पण काही विचारायचं झालं तर सोजराबाईंना विचारायचे, आणि अनुपमा शेजारच्या सरीत वाकलेली असायची. “त्या शाणीला इचार, पाणी आज द्यायचं का उद्या.” सोजराबाई मान वळवून विचारायच्या, “उद्या का गं?” अनुपमा म्हणायची, “आज.” सोजराबाई सांगायच्या, “आज म्हणतीया.” असे चाळीस-पन्नास निरोप त्या म्हातारीनं हातभर अंतरावर पोचवले. अनुपमाला दरवेळी वाटायचं, आता चिडतील, आता बोलतील. त्यापेक्षा एकदा तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर तिला झोप तरी लागली असती.

पाचटानं लगेच काही जादू केली नाही. सुरुवातीला काही सऱ्यांत कोंब उशिरा फुटले, तिथं तिला पाला हातानं बाजूला सारून वाट करून द्यावी लागली. उंदीर झाले. पारावर कुणीतरी म्हणालं, हौसरावानं म्हातारपणी रान बिघडवलं. हौसराव ते ऐकून घरी आले, रात्री जेवले नाहीत, आणि तरी सकाळी खोरं घेऊन रानात गेले. अनुपमा मोटरपाशी उभी राहून त्यांच्याकडं बघत राहायची.

मग एप्रिल आला. विहिरीनं ठरल्याप्रमाणं तळ दाखवला. आठवड्याला द्यायचं पाणी पंधरवड्यावर गेलं. चहूकडचे खोडवे पिवळे पडले. हौसरावांचा पडला नाही. दुपारच्या उन्हात जरा मलूल व्हायचा आणि सकाळी पुन्हा ताठ. मे महिन्यात आण्णा बांधावरून जाताना थांबायला लागले. आधी नुसते बघायचे. मग एक दिवस त्यांनी विचारलं, “हौसराव, पोपटचा तळ कुठं हाय सध्या?” पुढच्या साली त्यांनी निम्म्या रानातलं पाचट ठेवलं, निम्मं जाळलं. सगळं ठेवलं असतं तर सुनेचं ऐकल्यासारखं दिसलं असतं, आणि तेही दुसऱ्याच्या सुनेचं. दत्तानं कंपनीच्या कँटीनमध्ये ही गोष्ट इतक्यांना सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावं, पाचट यानंच दाबलं.

त्याच साली मेअखेर रोहिण्या लागल्या त्या सुमाराला अनुपमाच्या डोक्यात ठिबक शिरलं. गटाच्या बैठकीत कुणीतरी सांगितलं होतं की नळीनं थेंब थेंब पाणी उसाच्या बुडाला सोडलं, तर आहे त्या विहिरीत आणखी भागतं आणि मोटरही कमी चालते. त्या दिवशी पुन्हा चहा उतू गेला. ती ओट्याभोवती घिरट्या घालायला लागली. हौसराव तंबाखू मळत होते.

“काय हाय ते बोल,” ते म्हणाले. कोकराच्या दिवसापासून ते पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलले. ती दचकलीच.

“मामा, ते ठिबक असतंय ना, आपल्या रानात...”

“न्हाई.”

“बरं,” ती म्हणाली आणि घरात जायला वळली.

“कुठं निघालीस?”

ती थांबली. हौसरावांनी तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले आणि सावकाश तिच्याकडं बघितलं.

“ही खोड हाय तुझी. येकदा इचारतीस, मी न्हाई म्हणलो की गप बसतीस, आन् मग भावाला जाऊन लबाड सांगतीस.” ते रागावले होते, नक्कीच रागावले होते, पण मिशीच्या आत काहीतरी हलत होतं. “आगं, पयल्यांदा मी न्हाईच म्हणतो. माझा बाप बी न्हाईच म्हणायचा. दुसऱ्यांदा इचाराया काय झालंय तुला?”

अनुपमा परत आली, ओट्याच्या कडेला टेकली आणि तिनं दुसऱ्यांदा विचारलं.